द्वादशीचं पारणं

सरकारी इस्पितळातून फोन आला तेव्हा इन्स्पेक्टर तुळजाराम नुकतेच ठाण्यात येऊन टेकले होते. विषबाधेचा संशय, आणि तोही मराठी घरात. तंजावुरातल्या आपल्या माणसांची भांडणं आपल्याच गळ्यात पडतात, याची त्यांना सवय झाली होती आणि कंटाळाही आला होता.

खाटेवर प्रद्युम्न होता. नागपट्टणजवळ समुद्राखालच्या पाइपांचं काम करणारा पाणबुड्या. त्याची जीभ जड झाली होती, खांद्यावर निळसर-तांबडे चट्टे होते. तुळजारामांनी त्याच्या पायाचा अंगठा जोरात दाबला. त्याला पत्ताही नव्हता.

आई अंबाबाईंनी सरळ सुनेकडे बोट दाखवलं. काल एकादशी. या घरात एकादशीला पाण्याचा थेंबही चालत नाही, माणूस घरी असो की बोटीवर. आज पहाटे हरिप्रियेनं वाढलेलं पारणं, तेवढंच त्याच्या पोटात गेलं आणि पाटावरून उठताना पाय गेले. मग विष दुसरं कोण घालणार?

ही शंका त्यांच्या डोक्यात भरवली होती प्रद्युम्नच्या कंत्राटदारानं, कृष्णस्वामीनं. सरकारच्या नव्या धोरणात समुद्रातल्या कामांचे झटपट परवाने मिळालेल्यांपैकी तो एक. काल संध्याकाळी त्यानंच प्रद्युम्नला गाडीतून घरी सोडलं होतं. उपवास म्हणून काल त्याला पाण्यात उतरवलंच नाही, हे त्यानं कुणी न विचारता दोनदा सांगितलं.

हरिप्रिया भिंतीशी उभी होती. ना रडणं, ना राग. जणू आरोप दुसऱ्याच कुणावर होता.

"रात्री काय झालं?" तुळजारामांनी तिला विचारलं.

"खांदा, कोपर दुखतंय म्हणाले. मी तेल चोळलं."

"पारण्याच्या आधी?"

"आधीच. अंगाला खाज पण होती. डोईला तेल लागेना, अस्के केस, सगळेच्या सगळे, मिठानं चिकटले होते."

तुळजारामांची काही वर्षं किनाऱ्यावरच्या ठाण्यात गेली होती. असे पाय गेलेले पाणबुडे त्यांनी पाहिले होते. त्यांनी कोचीला नौदलाच्या डॉक्टरांना फोन लावला, डॉक्टरांचं ऐकून घेतलं, आणि कृष्णस्वामीला सगळ्यांसमोर बोलावलं.

"दुखणं रात्रीचं, पारणं पहाटेचं," ते म्हणाले. "म्हणजे विष ताटात नव्हतं. उतरलाच नाही, तर केसांत समुद्राचं मीठ कुठून आलं? खोल पाण्यात श्वासातला वायू रक्तात मुरतो. माणूस सावकाश वर आला तर तो निघून जातो. घाईनं ओढलं तर त्याचे बुडबुडे होतात आणि मणक्याला धरतात. अंगात पाणी नसलं की धोका आणखी वाढतो. हा दिवसभर कोरडा आहे, हे तुला ठाऊक होतं."

कृष्णस्वामीनं हात जोडले.

"मुदत संपत आली होती, सार. शिकलेला गडी तो एकच. टाकीतली हवा संपायला आली, म्हणून भराभर ओढला."

"आणि गप्प का बसलास?"

"परवाना गेला असता. त्यालाही बजावलं, बोललास तर काम जाईल."

"रात्रीच बोलला असतास तर तो आत्ता कोचीला नौदलाच्या दाबाच्या खोलीत असता. तिथं हवेचा दाब वाढवून ते बुडबुडे परत विरघळवतात."

हवालदारानं त्याला बाहेर नेलं. इस्पितळाची गाडी प्रद्युम्नला घेऊन कोचीला निघायची होती. पाय परत येतील का, याचं उत्तर डॉक्टरांनी दिलं नव्हतं, आणि तुळजारामांनी ते लपवलं नाही.

हरिप्रिया नवऱ्याच्या उशाशी बसली. अंबाबाई गाडीच्या दाराशी अडखळल्या.

"मज पण येऊं दे गं."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती थोडी सरकली आणि जागा केली.