साल नसलेला लिंबू-कारखाना

कल्पना करा दोस्तांनो, मे महिन्याची सुट्टी आहे आणि काल्हेरच्या एका गोदामामागच्या भिंतीवरून तुम्ही रुचिकासोबत हळूच डोकं वर काढलं आहे. नाक उघडं ठेवा, कामाला येईल!

पलीकडे भूपेशशेठचा कारखाना. पाटीवर भोपळ्याएवढी लिंबं रंगवलेली. 'लिंबू-अमृत! शंभर टक्के नैसर्गिक!' शेठ म्हणजे सावलीतही काळा चष्मा लावणारा आणि बंद फोनवर परदेशी ऑर्डरी घेणारा माणूस!

"प्रितेश, काय दिसतंय?" रुचिकाने धाकट्या भावाला विचारलं.

"कचरा. पोती, कॅन..."

"आणि लिंबाच्या साली?"

"कुठायत?"

"तेच तर! नाक्यावरचा सरबतवाला रोज पोतंभर साली टाकतो. ह्या महाशयांकडे एक साल नाही, एक बी नाही, लिंबाचा वाससुद्धा नाही!"

"इथं लिंबू न्हाय, हे माशीला पण कळलंय!" मैत्रीण दिपिका खिदळली.

रुचिका मात्र हसली नाही. भांडी घासायचं हेच अमृत वापरून शेजारच्या सीताकाकीच्या तळहातांची कातडी सोलवटली होती. तक्रार केली तर शेठ म्हणाला, "नैसर्गिक वस्तूंची सवय नाही हो तुम्हाला!" आणि उद्या मनिषाआत्याची हळद! आज दुपारी गल्लीतल्या साऱ्या बाया जेवणाची मोठाली पातेली घासणार होत्या, ह्याच कॅनमधल्या पाण्याने.

तिघं नाक्यावर धावली. "ले जाओ, मेरा कचरा कम हुआ!" म्हणत सरबतवाल्याने पिशवीभर साली फुकट दिल्या. आत्याच्या केसांसाठी भिजवलेले रिठे घरात होतेच. रिठे कुस्करले, सालींबरोबर उकळले, गार करून गाळले. फेसाळ पाणी तयार!

तोवर घराच्या अंगणात कॅन घेऊन आलेल्या शेठचं भाषण रंगलं होतं. "भगिनींनो, निसर्ग म्हणजे आपली आई..."

"शेठकाका, ह्यात फक्त लिंबू आहे ना?" रुचिकाने विचारलं.

"फक्त लिंबू! तान्ह्या बाळानेही हात घालावा!"

"मग तुम्हीच घाला ना!"

शेठचा हात झटकन खिशात गेला. "मी... माझी अंगठी आहे."

"अंगठी लिंबाला घाबरते?"

बाया फसकन हसल्या. रुचिकाने दोन वाट्या मांडल्या. एकीत अमृत, दुसरीत आपलं पाणी. दोन्हींत चिमूटभर हळद टाकली. आपल्या वाटीतली हळद पिवळीच राहिली. शेठच्या वाटीतली? लालभडक!

"अगो बाय, हा तर सोडा हाय!" सीताकाकी ओरडली.

हळदीचे कपडे धुण्याच्या सोड्यात टाकले की लाल होतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि हा शहाणा सोड्याला लिंबाचा रंग देऊन विकायला आला, तोही हळदीच्या घरी!

"कंपनीची चूक असेल..." शेठ पुटपुटला.

"कंपनी तर तुमचीच!" प्रितेश म्हणाला.

ओट्यावर बसलेले केसरीनाथ आजोबा काठी टेकत उठले. "शेठ, कॅन उचला. आणि कारखान्यावरची ती पाटीही उतरवा." मग मुलांकडे वळून म्हणाले, "शाबास रे पोरांनो! आम्ही मोठी माणसं नुसती पाटीवरची लिंबं बघत बसलो. साली शोधायचं कुणाला सुचलं नाही."

शेठ इतक्या घाईने पळाला की काळा चष्मा अंगणातच पडला.

पण बाया आता रिठ्याच्या पाण्याकडेही बिचकून बघू लागल्या. कुणी पुढे होईना. सीताकाकीने तर फडकं गुंडाळलेले हात पदराआड घेतले.

रुचिकाने बाह्या सरसावल्या, सगळ्यांच्या आधी आपले दोन्ही हात कोपरापर्यंत त्या फेसात बुडवले आणि सगळ्यांत काळंकुट्ट पातेलं स्वतःकडे ओढलं.