चंदाचे तीन साफ रिपोर्ट

दर्यापूरच्या पहिल्या जीपनं नत्थुजी अमरावतीला आले आणि नीलम तायडेच्या टेबलावर त्यांनी पाच कागद ठेवले.

"मॅडम, माही पोरगी चंदा कशानं मेली थे समजलं," ते म्हणाले. "कोनामुळं मेली, थे सांगा."

नीलम आधी सरकारी प्रयोगशाळेत होती. आता लोकांची कोडी सोडवत असे. तिचा मदतनीस भगवंत निवृत्त हवालदार. त्यानं कागद चाळले. सव्वीस वर्षांची चंदा अकोटला सासरी रक्त आटून मेली होती. जिवंतपणी तीनदा शौचाची तपासणी झाली. तिन्ही रिपोर्टांत 'जंत नाहीत'. शवविच्छेदनात मात्र आतड्याला शेकडो अंकुशकृमी, रक्त पिणारे जंत, डसलेले. पाचवा कागद नवऱ्याची नोटीस, चंदा जिवंत असतानाची : रक्ताचा रोग लपवून पोरगी गळ्यात मारली, फारकत द्या.

"लॅबवाल्यानं काचपट्टी पाहिलीच नाही," भगवंतनं निकाल देऊन टाकला.

नत्थुजींना घेऊन दोघं अकोटला गेले. लॅबवाला अनुप चिडला. "तिन्ही वेळा मी स्वतः पाहिलं. रंग पिवळसर, मांसतंतू आढळले, अंडी नाहीत. जे दिसलं ते लिहिलं."

सासू वच्छलाबाई अंगणात तूर निवडत होत्या. "लोहाची गोळी रोज सकाळी मीच तिच्या तोंडात टाको. एक दिवस चुकली नाही."

"आणि जेवण?"

"माळकरी घर आमचं. तिच्याबी गळ्यात माळ होती. चुलीवर अंडं चढत नाही."

"हे जंत अनवाणी पायांतून शिरतात. एवढी आजारी, तरी ती चपलेविना वावरात जायची?"

"मंग? सुनेनं बसून खावं का?"

भगवंतच्या मुठी वळल्या. अशा किती सासवा त्यानं ठाण्यात पाहिल्या होत्या!

नवरा नितेश कापसाच्या जिनिंगमधून दुपारी आला. "तपासणीची डबी मीच नेओ, सोमवारी ड्यूटीले जाता जाता. चंदा भरून देये."

"एखाद्या सोमवारी उशीर?"

"होये ना कधी. रविवारी दोस्तायसंग ढाब्यावर मटनाची पार्टी असते."

"म्हातारीच!" बाहेर येताच भगवंत पुटपुटला.

नीलमनं अनुपला बोलावून घेतलं आणि नत्थुजींसमोर सगळ्यांना अंगणात बसवलं.

"लोहाची गोळी रोज पोटात गेली की शौच काळपट होतं," ती म्हणाली. "तिन्ही रिपोर्टांत रंग पिवळसर आहे. अनुपनं बरोबरच पाहिलं. ती डबी चंदाची नव्हती."

"सासूची!" भगवंत म्हणाला.

"त्यात मांसतंतू होते, भगवंतराव. मांस खाणाऱ्याच्या विष्ठेत सापडतात ते. माळकरी बाईच्या पोटात कुठून येणार? रविवारी मटण, सोमवारी डबी. नेणाराही एकच."

नितेशची मान खाली गेली.

"जंत निघाले असते तर बायको बरी झाली असती," नीलम म्हणाली. "नाही निघाले, तर रक्ताचा रोग ठरणार होता. नोटिशीला तेच हवं होतं."

"जंतासाठी फारकत भेटते का?" नितेश पुटपुटला. "बापाकडं धाडाची होती फक्त. मरंन असं वाटलं नोतं."

वच्छलाबाईंचे हात सुपात थांबले. "मले तरी सांगाचं होतं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तूर निवडू लागल्या.

भगवंतनं ठाण्याला फोन लावला. नत्थुजी जागचे हलले नव्हते.

"मॅडम, याचं औषध किती दिवस घ्या लागते?"

नीलमला उत्तर द्यायचं नव्हतं. "सुरुवातीलाच कळलं असतं तर... जंतांसाठी एक गोळी."

"एकच?" नत्थुजींनी एक बोट वर केलं आणि त्याकडेच पाहत राहिले. "जंताचं औषध तं आमी सालातून दोनदा बकऱ्यायले पाजतो."