सम तारखेची डिस्क

गौरांगचा फोन आला तेव्हा मी जेवून नुकता आडवा झालो होतो. दुपारी दोन ते चार या वेळेत आमच्या नाशिकमध्ये सहसा कोणी कोणाला उठवत नाही. त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे ओळखूनच मी फोन घेतला.

"शेखरदादा, सर्व्हर गेला. सकाळी लाइट दोनदा आली-गेली, आणि जळका वास यायला लागला."

गौरांग तीर्थोपाध्याय. पंचवटीत त्याचं छोटं ऑफिस आहे. रामकुंडावर विधीला येणाऱ्या घराण्यांच्या नामावळीच्या वह्या त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या आहेत. कोण कधी आलं, कोणाचा कोण, खाली सही. या वह्यांची पानं स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवायची, हे काम मालिनीकाकू करायच्या, आणि ते कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझं. मी 'सांभाळतो' म्हणजे काय करतो, ते पुढे कळेलच.

काकूंची पद्धत साधी होती. दोन डिस्क. एकीवर मार्करने 'सम' लिहिलेलं, दुसरीवर 'विषम'. ज्या तारखेला जी, ती त्या दिवशी सर्व्हरला लावायची. पाच वाजता सगळ्याची नक्कल तिच्यावर उतरायची आणि काकू ती पिशवीत घालून घरी न्यायच्या. ऑफिसला आग लागो की पाणी शिरो, एक नक्कल कायम बाहेर. मी त्यांना चिडवायचो, "काकू, लेकरू शाळेतून आणल्यासारखी आणता-नेता." त्या म्हणायच्या, "लेकरू एकटं परत येऊ शकतं. हे नाही येत."

काकू फेब्रुवारीत गेल्या.

ऑफिसात पोचलो तेव्हा बाहेर पितृपक्षाची गर्दी आणि आत शुकशुकाट. सर्व्हर जळाला होता. त्याला लावलेली 'विषम'ही त्याच्याबरोबर गेली होती. उरली 'सम'.

"ती कुठाय?"

"काकूंच्या घरी असणार," गौरांग म्हणाला. "शेवटची त्याच घेऊन गेल्या ना."

"मग त्यांच्यानंतर डिस्क कोण बदलतंय?"

"तुम्ही करता ना? मला वाटलं तुमचं घरबसल्या होतं काहीतरी."

आणि मला वाटलं होतं, गौरांग करतो. रोज संध्याकाळी मला ईमेल यायचा, नक्कल झाली म्हणून. मी तो न उघडता पुसून टाकायचो. सात महिने. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी उगाच वायरी हलवत बसलो.

खरी अडचण वेगळी होती. उद्या सर्वपित्री. सटाण्याहून सावळीराम नावाचे म्हातारे गृहस्थ येणार होते. ते दोन वर्षांचे असतानाच त्यांचे वडील वारले. फोटो नाही, कागद नाही. वडिलांच्या हातचं जगात एकच अक्षर, आमच्या वहीतली सही. ते पान गौरांगने जूनमध्ये स्कॅन केलं आणि ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी ऑफिसात शिरलं तेव्हा खालच्या कपाटातली ती वही लगदा झाली. पान आता फक्त सर्व्हरवर होतं. म्हणजे आता कुठेच नव्हतं, कारण काकूंच्या घरची डिस्क फेब्रुवारीतली.

तेवढ्यात सावळीरामांचाच फोन आला. गौरांगने तो माझ्या हातात दिला.

"मना बापनी सही शे ना तठे?"

"आहे," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

फोन ठेवल्यावर मी पुसलेले ईमेल काढून पहिल्यांदाच वाचले. नक्कल कोणत्या डिस्कवर उतरली, ते प्रत्येकात लिहिलेलं होतं. बारा तारीख, सम. तेरा, विषम. चौदा, सम. एकही दिवस चुकला नव्हता. काल संध्याकाळी, पाच वाजून चार मिनिटं... सम.

मी गौरांगला काही सांगितलं नाही. स्कूटर काढली आणि हिरावाडीला काकूंच्या घरी गेलो.

काकूंचे यजमान, गंगाधरकाका, घरी एकटेच असतात. मी डिस्कचं नाव काढताच त्यांनी स्वयंपाकघरात नेऊन फळीवरचा रव्याचा डबा दाखवला. चोर रवा नेत नाहीत, असं काकूंचं म्हणणं. डिस्क आत होती, कापडात गुंडाळलेली. कापड घडीचं, स्वच्छ. धुतल्याचा वास येत होता.

"काका, हिला कोणी हात लावतं का?"

"सकाळी झाकण उघडतं," ते हळूच म्हणाले. "संध्याकाळी लागतं. मी बाहेरच्या खोलीत असतो... उठत नाही."

"का?"

"उठलो तर थांबेल, म्हणून."

माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी त्या माणसाविषयी माया दाटून आली.

"न्या तुम्ही," ते म्हणाले. "पण संध्याकाळपर्यंत आणून द्याल ना?"

मी हो म्हणालो.

डिस्कवर सगळं होतं, कालपर्यंतचं. सावळीरामांच्या वडिलांची सही वाकडीतिकडी, पण स्पष्ट. गौरांगने ती पाहून डोळे पुसले. दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळं उतरवेपर्यंत सहा वाजून गेले. काकाच रोज डिस्कची ने-आण करत होते, असं त्याने धरून घेतलं. "आता ही तुमच्याच घरी ठेवा," तो म्हणाला. "काकांना कशाला रोजचा त्रास?" मला ते पटलं. शिवाय दमलो होतो आणि हिरावाडी उलट्या दिशेला. काकांना सकाळी फोन करू, असं म्हणून डिस्क पिशवीत टाकली आणि सिडकोकडे निघालो.

पूल ओलांडला तशी गाडी डावीकडे ओढायला लागली. मागचं चाक बसलं असणार. द्वारकेला मोतीरामचं पंक्चरचं दुकान आहे, तिथे थांबलो. अजून संधिप्रकाश होता.

"जरा हवा बघ रे."

मोतीरामने पाइप उचलला आणि माझ्या मागे बघून थांबला.

"बघतो की. आधी काकूंना उतरू द्या."

मी मागे पाहिलं. सीट रिकामी होती.

"कोण काकू?"

त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं, आणि पाइप हळूच खाली ठेवला.

"राहू द्या, भाऊ... हवा बरोबरे. तुम्ही त्यांना घरी सोडा आधी."

मी गाडी वळवली. हिरावाडीकडे. ओढ तशीच डावीकडे होती, बायका एका बाजूला बसतात तेव्हा असते तेवढीच. आरशात बघायचं धाडस झालं नाही. "चुकलं काकू," एवढं मात्र मोठ्याने म्हणालो.

काकांच्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. तिथे मी गाडी अगदी हळू घेतली, आणि माझ्या खांद्यावर तोल सावरायला कोणीतरी हात ठेवला.