बढतीआधीचा रविवार

साहेब, माझं लग्न तुम्ही दीड वर्ष अडवून ठेवलंत. माझ्या बापानं नाही, होणाऱ्या सासूनं नाही — दिल्लीच्या लष्करी कचेरीत बसून तुम्ही! तुमचं नाव मला ठाऊक नाही. तुमची सही कोणाला वाचता येत नाही.

डॉक्टर गिदोन वाघचौरे मला भेटले चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात, भिंगार कँपातल्या लष्करी दवाखान्यात. मी नवी नर्स. उकळलेल्या सुयांचा ट्रे घेऊन वळले ती थेट त्यांच्यावर! सुया फरशीभर.

"लागलं का हो?"

"मला नाही. सुयांना विचारा."

खाली बसून ते एकेक सुई वेचून देऊ लागले. बोटांवर आयोडीनचे डाग… शेवटची सुई देताना हात जरा रेंगाळलाच.

"पुन्हा उकळा, सिस्टर. मी थांबतो."

"वीस मिनिटं लागतील."

"जास्त लागली तरी चालेल…"

या माणसाला तुम्ही जमादार करून ठेवलंत, लेफ्टनंटच्याही खाली. का, तर डॉक्टरकीची पदवी लहान. मोठ्या पदवीचा एक पोरगा लेफ्टनंट होऊन आला, त्याला टाके घालायला यांनीच शिकवलं. वर्षात तो कॅप्टन! आणि हे रोज सकाळी त्याला सलाम ठोकतात. पुढे लहान पदवीवाल्यांनाही बढती मिळेल असं तुम्हीच कळवलंत. यांनी अर्ज केला. एकदा जन्मदाखल्यासाठी परत, एकदा शिक्क्यासाठी परत, मग 'विचाराधीन'. लढाई संपली, तुमचा विचार संपेना.

आमच्या दवाखान्यातली आया कडूबाई तर रोज विचारायची, "डागदर, खांद्यावं तारा कवा उगवायचा? पोरगी म्हातारी व्हईल की!"

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात. गिदोनचा हट्ट एकच. "लेफ्टनंट म्हणून पुकारू दे, हन्ना. तुझ्या बाबांना ऐकू दे."

"आणि कागद आलाच नाही तर?"

"येईल गं…"

दीड वर्ष 'येईल गं'! शेवटी मीच पाळकांकडे नावं दिली. यांना न विचारता.

काल पाळकांनी पुकारलं, "जमादार गिदोन वाघचौरे आणि कुमारी हन्ना शिरसाठ… कोणाची हरकत?"

गिदोन उठून उभे! बाबांचा चष्मा नाकावर घसरला. मला वाटलं, आता हा माणूस 'थांबा' म्हणणार.

"हरकत आहे, पाळकसाहेब. जमादार नको… नुसतं डॉक्टर म्हणा. त्याला दिल्लीची सही लागत नाही."

आणि बसता बसता बायकांच्या बाकांकडे वळून असे हसले, की मी गाण्याच्या पुस्तकात तोंड लपवलं.

बाहेर आल्यावर म्हणाले, "झालं समाधान?"

"दीड वर्ष उशिरा!"

"मग उरलेलं आयुष्य लवकर येत जाईन…"

दोन रविवार उरलेत, साहेब. लग्न होणार, तुमचा कागद येवो, न येवो. पण आज सकाळीही त्यांनी त्या पोराला सलाम ठोकला. त्यांचे टाके तुम्हाला चालतात, मग त्यांचा खांदा का चालत नाही?

उत्तर द्या. आणि या वेळी सही वाचता येईल अशी करा.