गाळपेरीच्या रानात

माघातलं कोवळं ऊन पडलं होतं. तलावाचं पाणी मागं सरलं होतं आणि उघड्या पडलेल्या काळ्या गाळात संगीता टरबुजासाठी खड्डे घेत होती. तेवढ्यात मेंढरांचा एक अख्खा कळप तिचे खड्डे तुडवत पाण्याकडं धावला.

"अहो! कुणाची हायेत ही मेंढरं?"

"माझी," मागून आवाज आला. "पण माझं ऐकत न्हाईत."

लाल पटक्यातला एक उंच माणूस ओशाळं हसत उभा होता.

"नाव काय तुमचं?"

"धुळाजी."

तिला हसू फुटलं. "एवढं म्हातारं नाव?"

"आज्याचं ठिवलंय. म्हातारा झालो की शोभंल मला."

संगीता किती दिवसांनी हसली होती! सोडचिठ्ठी झाल्यावर ती पाटोद्याजवळच्या या गावी माहेरी आली, आणि मग आईही गेली. आता नुसतं कुणाशी दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून ती दुकानात काडेपेटी आणायला जायची. घरात काडेपेट्यांचा ढीग साचला होता.

पोटापुरती होती ती ही गाळपेरीची जमीन. पाणी ओसरलं की दरसाल करारानं कसायला मिळायची. यंदा करारात नवी अट आली होती – तलावाच्या पोटात रासायनिक खत टाकायचं नाही. गेल्या उन्हाळ्यात शेतातली खतं पाण्यात उतरून तलाव हिरवागार झाला होता, मासे मरून तरंगले होते, आणि खालच्या गावांच्या नळाला हेच पाणी जायचं. लोक कुरकुरले. संगीतानं मुकाट्यानं सही केली. पण खताशिवाय टरबूज कसं धरणार, हा घोर होताच.

"मेंढरं बसवता का माझ्या रानात? लेंडीचं खत हुईल," तिनं विचारलं.

"बसवतो की. भाकरी मिळंल?"

"मिळंल."

"अन् बोलायला कुणी?"

"ते... बघू."

रोज दिवस कलताना ती ठेचा-भाकरी घेऊन जायची. तो कुठकुठल्या माळांच्या गोष्टी सांगायचा. तलावावरून गार वारा यायचा, आणि ती उठायचं विसरायची.

मग एका सकाळी ती काठावर थबकली. मेंढरं पाण्याला उतरायची तिथं लेंड्या वाहून आल्या होत्या आणि पाण्यावर हिरवी साय धरली होती. गेल्या उन्हाळ्यासारखीच. मेंढरं हलवायला सांगायची म्हणजे... तोही जाणार.

त्या दिवशी ती नुसती भाकरी ठेवून परतली. दुसऱ्या दिवशी साय आणखी पसरलेली दिसली.

"मेंढरं हलवा इथून," ती म्हणाली.

"कावून? माझं काय चुकलं?"

"तुमचं न्हाई चुकलं. युरिया काय अन् लेंडी काय, पाण्याला सारखंच. खालची माणसं पितात हे."

त्यानं काठीनं साय बाजूला सारून बघितली. "मंजी मी जाऊ?"

"मी मेंढरांचं म्हणले..." तिला मान वर करवेना.

"आसं व्हय!" तो हसला. "मी काय पाण्यात लेंड्या टाकत न्हाई."

त्यानं कळप वरच्या माळावर नेला. तिथं हातपंपाच्या हौदावर मेंढरांना पाणी पाजायचं, आणि सकाळी लेंडीखताची पाटी डोक्यावर घेऊन खाली यायचं, असा त्याचा नेम झाला. खड्ड्यात खत घालून वरून माती दाबायची, म्हणजे काही वाहून जायला नको. मातीत दोघांची बोटं एकमेकांना लागली... आणि दोघांनाही हात काढायची घाई नव्हती.

वेल फुलावर आले आणि माळावरचं गवत संपलं. कळपाला थांबून भागणार नव्हतं.

निघायच्या दिवशी ती डांबरी रस्त्यापर्यंत बरोबर चालत गेली. फाट्यावर बायका एसटीची वाट बघत उभ्या होत्या. मेंढरांचा बें-बें असा कालवा चालला होता.

"परत या," ती हळूच म्हणाली. "रानासाठी न्हाई... माझ्यासाठी."

"आँ? ऐकू न्हाई आलं!"

तिनं इकडंतिकडं बघितलं, डोळे मिटले आणि ओरडली, "माझ्यासाठी या म्हणतीय!"

सगळ्या बायकांनी वळून बघितलं. ती कानापर्यंत लाल झाली.

"पैल्या बारीलाच ऐकलं हुतं," धुळाजी म्हणाला. "पुन्यांदा ऐकावं वाटलं. येतो मी. रोज फोन बी करीन."

धूळ खाली बसली, बायका एसटीत बसून गेल्या, रस्ता मोकळा झाला. संगीता एकटीच घरी आली. घर तेवढंच सुनं होतं. चूल पेटवायच्या आधी तिनं फोन हातात घेतला, घंटीचा आवाज पुरता मोठा केला आणि तो समोरच ठेवला.