घोड्याचा घास

दिव्याची वात जरा वर कर, म्हणजे सांगते.

माझं सासर म्हैसूरच्या जुन्या घोडदळातलं. घोडी केव्हाच गेली, तलवार तेवढी उरली. पण आयुधपूजेला तलवारीआधी घोड्याला घास द्यायचा, ही रीत राहिली. घास म्हणजे गावाबाहेरच्या कावलातलं मूठभर गवत. कावल हे सरकारनं पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं गवताळ रान. तिथं नांगर लावायचा नाही, झाडही नाही. गवत हातानं उपटून परसातल्या रिकाम्या गव्हाणीत ठेवलं, की मामंजी उपास सोडायचे.

भाषावार नवं राज्य होऊन चार-सहा वर्षं झाली होती. आमचे हे जमिनीच्या खात्यात. ते कावल पडीक ठरवून निलगिरीच्या लागवडीला यांनीच दिलं होतं, तिथं पाऊलही न टाकता. उंटावरून शेळ्या हाकायची सवयच होती यांना. मामंजींना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि मलाही.

त्या वर्षी आयुधपूजेच्या दुपारी आम्ही दोघं जीपनं गवत आणायला गेलो. नजर पोचेल तिथवर नांगरलेलं रान आणि निलगिरीची रोपं. मी यांच्याकडे पाहिलं, तर हे चष्मा पुसत बसले. बांधाच्या कडेला थोडं गवत उरलं होतं. मी वाकून मूठभर उपटलं.

तेवढ्यात आवाज आला. खर... खर... जनावर चरतं तसा. मग दुसरीकडून. मग चहूकडून. दिसत काहीच नव्हतं. भर उन्हात घोड्यांच्या घामाचा वास दाटून आला. मग माझ्या ध्यानात आलं, चरायला तिथं गवत होतंच कुठं? दात मातीवर घासत होते.

"ऐकलंत?"

"चल... गाडीत बस... बेगा, बेगा..." हे जीपची किल्ली फिरवत म्हणाले.

माझ्या मुठीवर ऊन श्वास पडला. मऊ, केसाळ ओठ लागले. मी मूठ उघडली आणि गवत अलगद गेलं. भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण त्याहून लाज वाटली. त्यांच्या पोटावर पाय आमच्याच घरानं दिला होता, आणि ते मुकं जनावर माझ्या हाताला दात न लावता हळूच खात होतं.

घरी मामंजी गव्हाणीपाशी पान मांडून उपाशी बसले होते. "हुल्लु कुठं गं, घोड्याचं गवत? रिकाम्या हातानं आलीस?"

"घोडं जेवलं, मामंजी. तिथंच... माझ्या हातातून."

त्यांना जराही नवल वाटलं नाही.

"होय की... एकच जेवलं?" मग ते मुलाकडे वळले. "बाकीची, फत्तेसिंगा?"

यांची मान खाली. "कावल राहिलं नाही, अप्पा... मीच दिलं."

मामंजींनी समोरचं पान बाजूला सारलं. "अय्यो... ती उपाशी, आणि मी जेवू?"

संध्याकाळी आमच्या आळीत, अग्रहारात, एकच आरडाओरडा झाला. पूजेसाठी दारोदार लावलेली आंब्याची तोरणं, केळीचे खुंट, सगळं कुणीतरी खाऊन फस्त केलं होतं. लोक मोकाट गायींना शिव्या घालत होते. मी धावत दारात गेले.

दारात तोच घोड्यांच्या घामाचा वास होता, पण आमचं तोरण जसंच्या तसं होतं. एका पानालाही तोंड लागलं नव्हतं.