मागचं दार उघडा

त्या शुक्रवारी उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातल्या पबमध्ये एकतीस माणसं होती, दोन कुत्रे आणि एक बँड. ‘मागचं दार उघडा’ सुरू झालं तशी तीस माणसं उभं राहून गायला लागली. एकतिसावा, लाल केसांचा, गुपचूप मागच्या अंगणात सटकला.

ब्रोनाला ते खटकलं. खटकणारच... गाणं तिच्या डॅडींच्या बँडचं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी दक्षिण आयर्लंडच्या सीमेवरच्या नाक्यावर ब्रिटिश सैनिकांनी त्यांची व्हॅन अडवली, भर पावसात डॅडींचा ड्रम खोलला, आणि त्या संतापातून ते गाणं जन्मलं. गाण्यातल्या ‘दगडी काळजाच्या लाल मिशीवाल्या’ला शिव्या घालतच ती लहानाची मोठी झाली होती.

ती अंगणात गेली. तो भुरभुर पावसात विनाकारण भिजत उभा होता.

“गाणं आवडत नाही, की गाणारे?”

“गाणारी एक आवडते,” तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

नाव ॲलिस्टर निघालं. म्हणजे नदीपलीकडचा, प्रॉटेस्टंट. इथे शाळेवरून कॅथलिक की प्रॉटेस्टंट ते ओळखतात; कॅथलिक ब्रोनाला शाळा विचारायचीसुद्धा गरज उरली नाही. मग दर शुक्रवारी इकडे कशाला तडमडतोस, असं तिनं विचारलं. इथले चिप्स छान असतात, म्हणाला. इथे चिप्स मिळतच नाहीत, हे तिनं त्याच्या लक्षात आणून दिलं.

मग दोघं पुलाच्या मधोमध भेटू लागली. तिथवर दोन्ही काठांवरच्या मावश्यांची नजर जेमतेम पोचायची. पण ब्रोनानं रविवारच्या जेवणाचं नाव काढलं आणि ॲलिस्टरचा चेहरा उतरला.

“तो लाल मिशीवाला... माझा बाप आहे, ब्रोना. आता तू जाणार, माहितेय मला.”



“मिशी आहे अजून?”

“आहे. पांढरी झालीय.”

“रविवारी एक वाजता ये. उशीर करू नकोस.”

तेव्हा कुठे त्यानं उरलेलं सांगितलं. ड्रममध्ये लोणी होतं. आपल्याकडे स्वस्त, सीमेपलीकडे महाग. तिकडे चोरून न्यायचं लोणी. त्याच्या बापानं ते बघितलं, ड्रम होता तसा बंद केला आणि पुढच्या जकातवाल्यांना अवाक्षरही कळू दिलं नाही.

रविवारी डॅडींनी आडनाव विचारलं, ते नाक्यावरच्या त्या सैनिकाचंच निघालं आणि त्यांनी काटा-सुरी खाली ठेवली. त्या माणसाचा मुलगा माझ्या टेबलाशी बसणार नाही, असं त्यांनी बटाट्यांकडे बघून जाहीर केलं. ॲलिस्टर उठला. ब्रोनाही उठली, तो जाईल तिथे मीही जाईन, म्हणाली. 

मॅमीनं डोळ्यांना पदराऐवजी नॅपकिन लावला. “आणि सीमेपलीकडे माझ्या बहिणीच्या, ऊनाच्या लग्नाच्या केकसाठी मी पाठवलेलं लोणी! तेसुद्धा जप्त केलं मेल्यांनी. यांनीच घरी येऊन सांगितलं होतं मला.”

 लोणी ‘जप्त’ झालं त्याच आठवड्यात डॅडींच्या ड्रमला नव्या झांजा आल्या होत्या, हे ब्रोनाला आठवलं. डॅडींनी ॲलिस्टरकडे बघितलं. जन्मात कुणाकडे बघितलं नसेल असं, गयावया करत.

“हो, मिसेस मॅकडेड,” ॲलिस्टर हळूच म्हणाला. “माझे वडील... फार खादाड होते.”

डॅडींनी घसा खाकरला. “बस रे पोरा. बटाटे घे.” जेवण झाल्यावर त्यांनीच ब्रोनाला सांगितलं, याला बसथांब्यापर्यंत सोडून ये.

बसथांबा घरापासून चार मिनिटांवर होता. ब्रोना पन्नास मिनिटांनी परतली.